हमीदाआपा, चिंच आणि सगळ्या गावाची तार

नगरपालिकेचा कोणताही करार वाचायला घेण्याआधी हमीदाआपा समोरच्या माणसाला ओसरीवर बसवत, त्याच्यापुढे टोपलीभर चिंच ओतत आणि म्हणत, "फोड."

तो ठेकेदार असो, नगरसेवक असो, नाहीतर खुद्द मुख्याधिकारी. काम नालीचं असो की स्मशानातल्या शेडचं. आधी चिंच, मग कागद. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका बाहेर काढायचा, गर एका पाटीत आणि चिंचोके दुसऱ्या पाटीत टाकायचे. हे करता करता बोलायचं. आपांचं म्हणणं असं, की माणूस रिकाम्या हातांनी बसला की त्याची सगळी अक्कल जिभेवर येऊन बसते. "हात कामात असले का जीभ सरळ चालते," त्या म्हणायच्या. "तुमी लोकं हात बांधून बसता, म्हनून तर इतकं खोटं बोलता येते तुमाले."

त्या नगराध्यक्ष होत्या तेवढ्या काळात नगरपालिकेच्या फायली आंबट झाल्या. प्रत्येक निविदेवर तपकिरी बोटांचे ठसे. कपाटात मुंग्या. ऑडिटला आलेल्या साहेबांनी एक फाईल उघडली, वास घेतला आणि जेवायची सोय कुठे आहे असं विचारलं.

हे मी कौतुकाने सांगतो आहे असं कोणी समजू नये. या बाईने मला बुडवलं. भर सभेत, एका वाक्यात बुडवलं. ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. पण माणसाबद्दल सांगायला बसलोय, तर आधी माणूस सांगतो.

मी केबलवाला. चंद्रपूरहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं की मध्ये जी गावं लागतात, त्यातलं एक माझं. आमच्या भागाकडे निघालेली प्रत्येक गोष्ट चंद्रपूरपर्यंत येते आणि दमते. तिथून पुढे ती आणायची असेल तर कोणीतरी स्वतःच्या खांद्यावर आणावी लागते. टीव्ही मी आणला. लग्नाघरी व्हीसीआर भाड्याने देण्यापासून सुरुवात केली. मग घराच्या स्लॅबवर मोठी डिश बसवली आणि वायरची गुंडाळी खांद्यावर घेऊन झाडाझाडांवरून ओढली. विजेच्या खांबाला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून कडुनिंबावरून, आंब्यावरून, शाळेच्या कौलांवरून. माकडं त्या वायरवर झोके घ्यायची. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात माकडाने वायर तोडली की गाव मला शिव्या घालायचं आणि माकडाला हात जोडायचं.

मला कोणी शिकवलं नाही, कोणी हात दिला नाही. भाव करण्यात मात्र मी कोणाला हरलो नाही. लोक म्हणतात मनोहर तापट आहे. मी म्हणतो, लोक सावकाश आहेत, म्हणून मी तापट दिसतो.

आणि आपा? आपांचा धंदा रानमालाचा. मोहफूल, चारोळी, हिरडा आणि सगळ्यात जास्त चिंच. पोंभुर्ण्यापासून अहेरीपर्यंतच्या बाजारांतून त्यांच्याकडे माल यायचा आणि त्यांच्या ओसरीवरून साफ होऊन नागपूरला जायचा. नवरा तरुणपणीच गेला. "मियां गेले, तराजू राह्यला," एवढंच त्या त्यांच्याबद्दल सांगत. डोक्यावर पांढरी ओढणी, नाकावर चष्मा, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिच्या जागी कानाला गुंडाळलेला दोरा. तो दोरा त्यांनी नगराध्यक्ष झाल्यावरही बदलला नाही. पालकमंत्र्यांच्या सत्काराच्या फोटोत मंत्री हारात आहेत आणि आपा दोऱ्यात.

त्या नगराध्यक्ष झाल्या त्याला कारण आरक्षण. पद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना आपल्या गटातली बाई बसवायची होती, आणि दुसऱ्या गटातली बसू द्यायची नव्हती. शेवटी दोघांना एकटी विधवा नगरसेविका बरी वाटली. राजकारण नाही, नवरा नाही, पुतण्या नाही. सांगू तिथे सही करील. पहिल्याच दिवशी एक पुढारी सायकल स्टँडच्या ठेक्याचा कागद घेऊन ओसरीवर गेला. तासाभराने तो उतरला तेव्हा त्याच्या नखांत चिंच होती आणि कागदावर सही नव्हती.

"काय म्हणल्या आपा?" आम्ही विचारलं.

"इचारत होत्या, गर कोनाले अन् चिंचोके कोनाले?"

हा त्यांचा एकच प्रश्न. कोणताही करार असो, कितीही पानांचा असो, सगळं ऐकून झालं की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "ते सारं ठीक हाय. गर कोनाले अन् चिंचोके कोनाले?" निम्मे ठेकेदार इथेच गळायचे.

मग फायबरची गोष्ट आली.

तेव्हा दोन हजार सालानंतरची काही वर्षं गेली होती. घराघरावर छोट्या डिश उगवायला लागल्या होत्या. बाजारातून उचलून आणायची, छपरावर ठोकायची, की झालं. माझी वायर नको, मी नको. रोज सकाळी उठून मी स्लॅबवर जायचो आणि कोणाच्या घरावर नवी छत्री उगवली ते बघायचो. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या बघाव्या तसं. माझी चार माणसं होती, माझ्याबरोबर झाडांवर चढून म्हातारी झालेली. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मलाही येत नव्हतं.

त्याच वेळी नगरपालिकेला कुठलंसं अनुदान आलं आणि ठरलं, की साऱ्या गावात जमिनीखालून फायबर टाकायचं. कार्यालयं, शाळा, दवाखाना आणि पुढे जो घेईल त्याच्या घरी इंटरनेट. गावात तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून किरकिरत येणारी गोष्ट होती. पाऊस आला की टेलिफोनच मरायचा. पोरांना परीक्षेचा निकाल बघायला एसटीने चंद्रपूरला जावं लागे.

सगळ्या गावाचा ठेका एकालाच, पंधरा वर्षांसाठी, अशी अट. दोघांनी अर्ज भरले. एक नागपूरची कंपनी आणि दुसरा मी. हा ठेका मिळाला तर मी जगणार होतो. नाही मिळाला तर माझ्या वायरीवर झोके घ्यायला फक्त माकडं राहणार होती.

कंपनीतर्फे भार्गव नावाचे साहेब आले. पांढरा शर्ट, टाय, काळी बॅग. आपांनी त्यांनाही ओसरीवर बसवलं.

"फोडा साहेब."

"जी मॅडम?"

"इमली. फोडो."

भार्गव साहेबांनी बॅग मांडीवर घेतली, तिच्यावर रुमाल अंथरला आणि पेनाच्या टोकाने चिंच उकरायला लागले. चिंचोके कुठे टाकायचे ते न कळून त्यांनी सभ्यपणे खिशात घातले. थोड्या वेळाने गर पाटीऐवजी तोंडात जायला लागला. मी समोरच्या बाजूला माझी टोपली घेऊन बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, खा, खा.

"जमिनीखालून जाईन म्हनता तार," आपा म्हणाल्या. "अन् रानडुकरं?"

"मॅडम, सुअर फायबर नहीं खाता."

"खाते कोन म्हनलं? उकरते. तलावाच्या बाजूनं या रात्री, दाखवते तुमाले. आमची पाइपलाइन बी उकरून टाकली त्यायनं."

भार्गव साहेबांनी डुकरांचा मुद्दा वहीत लिहून घेतला. करार इंग्रजीत होता. आपा म्हणाल्या, मराठीत आना. आठ दिवसांनी मराठीत आला. कोणी केला देव जाणे. आपांनी तो मुख्याधिकाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घेतला. मुख्याधिकारी नवीन, कडक इस्त्रीचा तरुण माणूस. एका हाताने चिंच धरून दुसऱ्या हाताने पान उलटत होता. त्यात एक कलम होतं: "सेवा अखंडित राहील, मात्र ज्या काळात ती खंडित असेल तो काळ वगळून."

आपांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"म्हनजे आपल्या नळाच्या पान्यासारखं," त्या म्हणाल्या. "चोवीस तास येते. जवा नाई येत तवा सोडून."

भार्गव साहेबांचं पोट त्या संध्याकाळी बिघडलं. दुसऱ्या दिवशी ते विश्रामगृहातून बाहेर आलेच नाहीत. "मानूस वाईट नाई," आपांचा निकाल. "पर मोजाच्या आंधी खाते."

मी मात्र तयारीनिशी गेलो होतो. हा धंदा आहे. तयारी केली तर त्यात काय चुकलं? आपांच्या ओसरीवर जायच्या आधी पंधरवडाभर मी घरी चिंच आणून ठेवली होती आणि जेवणं झाली की फोडायला बसत होतो. माझी बायको नंदा दाराच्या चौकटीला टेकून बघायची.

"गावात इंटरनेट आनून राह्यले का चिंचेची चटनी?"

"तू गप बस. चिंचोका असा अख्खा सुटला पाह्यजे."

"आमच्या लग्नाले वीस वर्षं झाली, एक दिवस लसून नाई सोलला या मानसानं."

शेवटी माझे हात असे बसले की डोळे मिटूनही चिंच फोडावी. ओसरीवर मी बसलो आणि बोलत बोलत, न बघता, पाटी भरायला लागलो. आपा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

त्यांनी माझ्या पाटीतला एक चिंचोका उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "मनोहर, तू घरून शिकून आला."

"नाई आपा, काऊन?"

"नवीन मानसाच्या चिंचोक्याले गर चिकटून राह्यते. तुझा धुतल्यासारखा हाय. इतकी वर्षं लोकं मले जिभेनं फसवून राह्यले. हातानं फसवनारा तू पैला."

असं म्हणून त्या इतक्या हसल्या की चष्म्याचा दोरा कानातून सुटला. मीही हसलो. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला वाटलं काम होईल. माणूस हसला की सौदा अर्धा झाला, हे मी आयुष्यभर बघितलं होतं.

मग आम्ही भाव करायला बसलो. असा भाव मी जन्मात केला नाही. मी म्हटलं शाळा फुकट. त्या म्हणाल्या दवाखाना बी. मी म्हटलं दवाखाना बी, पण वर्षं पंधरा. त्या म्हणाल्या दोन. मी खाली आलो, त्या वर आल्या नाहीत. मी उठून निघालो, पायरीवरून परत आलो. त्यांनी परत आलेल्या माणसासाठी चहा आधीच ओतून ठेवला होता. पण खरी अडचण वर्षांची नव्हतीच. त्यांना 'एकालाच' हा शब्द नको होता.

"दोघायले दे म्हनते मी. तुले बी अन् कंपनीले बी."

"एका गाईले दोन गवळी कसे चालतीन आपा?"

"दोन गवळी असले का दुधात पानी कमी पडते."

मी त्यांना समजावून सांगितलं. गाव मोठं नाही. दोघांत वाटलं तर दोघांचंही भागणार नाही. ठेका एकट्याच्या नावावर नसेल तर मला बँक दारात उभी करणार नाही. मी काही कंपनी नाही, माझ्यामागे कोणी नाही. आपा सगळं ऐकत होत्या. "हो ना बाप्पा," म्हणत होत्या. "तुझं बी बरोबर हाय," म्हणत होत्या. आणि शेवटी तेच: "पर एकाच्याच हाती नाई."

सभेचा दिवस आला. मी एकेक नगरसेवकाच्या घरी जाऊन आलो होतो. कोणाची आई आजारी, तिला माझ्या गाडीने चंद्रपूरला नेलं. कोणाच्या जावयाला समजावलं. एकाचं माझ्याशी सात वर्षं वाकडं होतं. त्याच्या दारात मी, मनोहर, चपला काढून उभा राहिलो. मतं पडली. बरोबर अर्धी माझ्याकडे, अर्धी कंपनीकडे. आता अध्यक्षांचं एक मत. माझी चार माणसं बाहेर खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

आपा उठल्या. मी हात जोडायच्या तयारीत.

"माझा बाप मुन्शी होता," त्या म्हणाल्या.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"अहेरीकडं, तेंदूपत्त्याच्या फडीवर, बिडीचा पत्ता मोजून घेनारा. साऱ्या भागाचा ठेकेदार एकच. बायका पहाटेपासून जंगलात पत्ता तोडत अन् दुपारी फडीवर पुडे आनत. बाप पुडा उचले, पाहे अन् म्हने, पत्ता फुटका हाय. फेकून दे. पत्ता फुटका नसे. त्याले वरतून सांगून ठेवलं राहे. बाई काय करन? दुसरीकडं इकाले जागाच नाई. तोच पुडा उचलून पुन्हा बापाच्याच पायाशी आनून ठेवे, अर्ध्या भावात. मी बापाच्या बाजूले बसून पाहत होती. माझ्या ताटात जो भात येई, तो त्याच पुड्याचा. बाप काही राक्षस नव्हता. घरी आला का मले खांद्यावर घेई. पर दुसरा घेनारा नसला का चांगल्या मानसाचा बी मुन्शी होते."

मला राहवलं नाही. मी उठलो. "तार म्हनजे पत्ता थोडीच हाय आपा!"

"नाई. पर गाव तेच हाय." मग त्यांनी आपला तोडगा मांडला. जमिनीखालची नळी नगरपालिकेने टाकायची, ती गावाची. तिच्यातून ज्याला तार न्यायची त्याने न्यावी: मी न्यावी, कंपनीने न्यावी, उद्या तिसऱ्याने न्यावी. लोकांना जो परवडेल त्याची लोक घेतील.

भार्गव साहेब म्हणाले, "मॅडम, ऐसा कहीं नहीं होता."

"तो इथी पैली बार होएंगा."

मुख्याधिकारी खाकरले. अनुदान सेवेसाठी आहे, खोदकाम ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायचं, आणि मार्चअखेर खर्च झालं नाही तर परत जातं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे नळी टाकायला पैसा नाही. आपांनी हे ऐकलं. बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला आजही शपथेवर सांगता येईल, त्या एका क्षणी त्यांचं मन माझ्याकडे आलं होतं. मी भाव करणारा माणूस आहे, समोरचा कधी सुटतो ते मला कळतं.

मग त्या म्हणाल्या, "दोघायलेही नाई."

बस्स. एवढंच ते वाक्य. मी काय काय बोललो ते आता लिहिण्यात अर्थ नाही. खुर्ची आपटली हे खरं. ती मोडली नाही, लोक उगाच सांगतात. माझी माणसं खिडकीतून कधी निघून गेली ते मला दिसलं नाही.

अनुदान मार्चअखेर परत गेलं. कंपनी दुसरीकडे गेली. आपांची मुदत संपली. पुढच्या अध्यक्षांनी फायबरची फाईल उघडलीसुद्धा नाही. गावातल्या पोरांनी आपांना दोष दिला, पुढाऱ्यांनी दिला, आणि मी तर रोज सकाळी उठून दिला. त्यांची तत्त्वं खरी असतील. पण तत्त्वातून इंटरनेट येत नाही. फडीवरच्या त्या बाईला अर्धा भाव तरी मिळत होता. आम्हाला काय मिळालं? ना गर, ना चिंचोके. हे मी आपांना ऐकवायचं ठरवून ठेवलं होतं, पण त्यांच्या ओसरीवर पाऊल टाकायचं नाही अशी शपथही घेतली होती. त्या बाजारात दिसल्या की मी गल्ली बदलायचो.

केबल हळूहळू मेली. माझ्या चौघांपैकी दोघं कोळशाच्या खाणीवर कंत्राटी कामाला गेले, एकाने पानठेला टाकला. चौथा अजून अधूनमधून येऊन विचारतो, "भाऊ, काही काम हाय का?" आणि मी नाही म्हणेपर्यंत तोच मान हलवून जातो. झाडांवरची वायर आम्ही काढली नाही. काढायला माणसं लागतात.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, मी माझी जुनी यंत्रं विकायला चंद्रपूरला गेलो. गिऱ्हाईक चार वाजता भेटणार होतं. चंद्रपूरच्या मेमधल्या दुपारी रस्त्यावर उभा राहणारा माणूस एक तर वेडा किंवा पोलीस. मी बसस्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत शिरलो, कारण तिथे कूलर होता. आत प्लायवूडचे खोपे. शेवटच्या खोप्यात पांढरी ओढणी दिसली. आधी वाटलं भास झाला. मग चष्म्याचा दोरा दिसला.

आपा बोलत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात हवेत चालले होते. बोटं जुळवायच्या, गालाला लावायच्या, छातीवर टेकवायच्या, मग हसायच्या. समोरच्या पडद्यावर एक तरुण बाई होती. तीही तसंच करत होती, पण तिचं चित्र तुटून तुटून येत होतं. हात वर गेलेला दिसायचा आणि मग एकदम खाली आलेला. मधलं काहीच नाही. आपा पुढे वाकून बघायच्या, कपाळाला आठ्या घालून, आणि मान हलवायच्या: नाही कळलं, परत सांग.

मी कॅफेवाल्याकडे बघितलं. "दर महिन्याले येते बाई," तो म्हणाला. "पोरगी हाय तिची, हैद्राबादले दिलेली. ऐकत नाई, बोलत नाई जन्मापासून. फोन कोन्या कामाचा? घरच्या खुणा हायेत मायलेकीच्या, दुसऱ्या कोनाले समजत बी नाई. आमची लाइन अशी. अर्धं समजते, अर्धं नाई. तरी येते."

आपांना मुलगी आहे हे मला माहीत होतं. हैदराबादेत दिली हेही माहीत होतं. ती बोलत नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. टोपल्याच्या टोपल्या चिंच मी त्यांच्यासमोर फोडली, पण विचारलं मीही नव्हतं.

मी खोप्यापाशी जाऊन उभा राहिलो. ऐकवायचं म्हणून जे जपून ठेवलं होतं ते सगळं डोक्यात होतं. तोंडातून वेगळंच आलं.

"आपा, त्या दिवशी माझ्या बाजूनं हात वर केला असता, तर आज ही लाइन तुमच्या ओसरीवर असती. एकदम साफ."

त्यांनी मागे वळून पाहिलं. दचकल्या नाहीत. "ये मनोहर," म्हणाल्या. मग परत पडद्याकडे वळून, "असती."

"मंग?"

पडद्यावरच्या पोरीने काहीतरी खूण केली, त्यांनी उत्तर दिलं. बहुतेक माझ्याबद्दल असावं, कारण पोरगी हसली.

"साऱ्या गावात तार पाह्यजे होती मलेच," आपा म्हणाल्या. "सभेत उभी राह्यली अन् तुले हो म्हनासाठी तोंड उघडलं. मंग वाटलं, हे अध्यक्ष बोलून राह्यली का हिची माय बोलून राह्यली? समजेच नाई. म्हनून भ्याली मी. भ्याली अन् बसली." त्यांनी ओढणीने चष्मा पुसला. "तुझं नुकसान झालं बेटा. मले मालूम हाय."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे. मी आजही म्हणतो की हो म्हटलं असतं तर मी काही मुन्शी झालो नसतो. झालो असतो का? ते आता कसं कळणार.

तेवढ्यात चित्र थांबलं. पोरीचा एक हात गालाशी, डोळे अर्धे मिटलेले, तशीच. आपांनी आपला हात उचलला, पाची बोटं पसरून पडद्यासमोर धरला आणि तसाच ठेवला.

"लाइन गेली आपा," मी म्हणालो.

"मले नाई दिसून राह्यलं. तिले दिसत असन."

कॅफेवाला टेबलाखाली वाकून कुठलीशी तार हलवत होता. मी बाजूच्या खोप्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसलो. चित्र हललं नाही. आपांचा हात कोपरापासून भरून आला होता. त्यांनी दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला, पण खाली घेतला नाही.